लांडगा, लूत आणि जंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लूत भरलेलं कुत्रं कसं दिसतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. केस झडलेले, कातडी जाड झालेली, दिवसभर खाजवणं चालू. तोच किडा आणि तीच खाज जंगलातल्या लांडग्यालाही असते. लांडग्यांच्या परजीवींवर फार बारकाईने काम झालं आहे ते अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या आसपास, त्यामुळे खालची बरीच उदाहरणं तिथली आहेत. आपल्या माळरानावरच्या लांडग्याशी जिथे खरोखर धागा जुळतो, तिथे तो जोडला आहे.

जंगली लांडग्याच्या पोटात जंत असणं नेहमीचं आहे का?

अगदी नेहमीचं. पोटात एकही जंत नसलेला जंगली लांडगा सापडला तर तीच बातमी ठरेल. २००६ ते २००८ या काळात आयडाहो आणि मोंटाना या दोन राज्यांत १२३ मेलेल्या लांडग्यांची आतडी तपासली गेली. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा एक बारका पट्टकृमी आयडाहोच्या ६३ पैकी ३९ आणि मोंटानाच्या ६० पैकी ३८ लांडग्यांत निघाला. म्हणजे दहातले सहा, आणि हा हिशेब एकाच जातीच्या जंताचा आहे. त्याच्या जोडीला टीनिया कुळातले लांबलचक पट्टकृमी असतात, गोलकृमी असतात, स्नायूंत गुंडाळी करून बसलेली ट्रायकिनेला नावाच्या कृमीची पिल्लं असतात. डास चावत असलेल्या भागात हृदयाशी राहणारे जंत असतात. बाहेरून गोचिड्या, उवा आणि लूत.

इतकं सगळं अंगावर घेऊन लांडगा जगतो कसा?

मराठीत ‘पोटभाडेकरू’ हा शब्द आहे. तो इथे शब्दशः लागू पडतो. पट्टकृमीला लांडग्याचं पोट म्हणजे राहती जागा. मालक मेला तर भाडेकरूही मेला, तेव्हा मालकाला फार न छळणं त्याच्याच सोयीचं. एकायनोकॉकसचा प्रौढ जंत काही मिलिमीटरचा, जेमतेम तीन-चार खंडांचा असतो. एका लांडग्यात ते हजारोंनी असू शकतात आणि तरीही लांडगा नीट पळत असतो.

खरा त्रास होतो तो दुसऱ्याच प्राण्याला. जंताची अंडी लांडग्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत मूस, एल्क (ही दोन्ही तिकडची मोठी हरणं) किंवा मेंढी खाते. अंड्यातून निघालेली अळी तिच्या फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन पाण्याने भरलेली गाठ तयार करते. ही गाठ पुन्हा लांडग्याच्या पोटात गेल्याशिवाय चक्र पुरं होत नाही. म्हणून जंताचा फायदा लांडगा धडधाकट आणि शिकार लुळी असण्यात आहे. फुप्फुसात गाठी असलेल्या मूसला धाप लवकर लागत असावी आणि तो लांडग्यांच्या हाती सहज पडत असावा, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवरातल्या आयल रोयाल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास अखंड चालू आहे. तिथल्या मूसांच्या फुप्फुसांत या गाठी सापडतात.

तेव्हा ‘जंत किती आहेत’ हा प्रश्न लांडग्याच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. पोट भरलेलं आहे का, थंडी किती आहे, सोबतीला कोण आहे, हे विचारावं. पुढची लुतीची गोष्ट वाचल्यावर हे नीट कळेल.

लूत नेमकी काय करते?

सारकोप्टिस स्केबिआय हा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान किडा. मादी कातडीत बोगदा पोखरत जाते आणि मागे अंडी घालत राहते. अंड्यापासून प्रौढ किडा व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. जनावराला खाज सुटते ती किड्याच्या चावण्यापेक्षा त्याच्या विष्ठेचं आणि लाळेचं अंगाला वावडं झाल्यामुळे. लांडगा चावून, खाजवून, झाडाला घासून स्वतःचे केस स्वतःच उपटतो.

पुण्यात किंवा सोलापुरात केस गेले तर त्वचा खराब होते. यलोस्टोनच्या हिवाळ्यात केस गेले तर जीव जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी उष्णता टिपणारे कॅमेरे वापरले. आधी बंदिस्त लांडग्यांच्या अंगावरचे थोडे केस भादरून तिथून किती ऊब निसटते ते मोजलं, मग जंगलातल्या लूत लागलेल्या लांडग्यांची चित्रं त्याच्याशी ताडून पाहिली. लूत झालेला लांडगा हिवाळ्याच्या एका रात्रीत १२४० ते २८५० कॅलरी इतकी ऊब गमावत असावा, असं गणित निघालं. लांडग्याच्या दिवसभराच्या गरजेच्या हे साठ ते ऐंशी टक्के होतं. धडधाकट माणूस दिवसभरात साधारण दोन हजार कॅलरी खातो. म्हणजे एका माणसाचं दोन वेळचं जेवण रात्रीच्या रात्री हवेत विरून जातं, आणि ते भरून काढायला शिकार करायची तर असे लांडगे फिरतातही कमी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

यलोस्टोनमध्ये लूत आली कुठून?

या प्रश्नाचं उत्तर ऐकून बहुतेकांना वाटतं की थट्टा चालली आहे. १९०५ साली मोंटाना राज्याने एक कायदा केला. त्यानुसार सरकारी पशुवैद्यांनी लांडगे आणि कायोटी (लांडग्याचा तिकडचा लहान भाऊबंद) पकडायचे, त्यांना मुद्दाम लूत लावायची आणि सोडून द्यायचं, म्हणजे ते आपल्या भाऊबंदांत रोग पसरवून सगळ्यांना संपवतील. गुराढोरांच्या मालकांना लांडगे नको होते. बंदूक, सापळा, विष हे सगळं चालूच होतं, त्यात ही भर.

यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे १९२६ च्या सुमारास मारले गेले, ते मुख्यतः माणसाच्या हातून. पण लूत कायोटी आणि कोल्ह्यांत टिकून राहिली. पुढे १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून उद्यानात सोडले गेले. त्यांना सोडण्याआधी जंतनाशक औषधंही दिली होती. तरी २००७ साली उद्यानातल्या लांडग्यांत लूत दिसलीच. शंभर वर्षांपूर्वी सरकारने पेरलेला रोग असा परत उगवला, असं तिथले अभ्यासक मानतात.

लूत लागलेला लांडगा हमखास मरतो का?

नाही, आणि मला हे या विषयातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं उत्तर वाटतं. २०१५ साली यलोस्टोनच्या लांडग्यांवरचा एक अभ्यास आला. त्यात दिसलं की एकट्या लांडग्याला लूत झाली तर त्याच्या मरणाची शक्यता निरोगी लांडग्याच्या पाचपट होते. पण त्याच्या कळपात पाच निरोगी सोबती असतील, तर लुतीमुळे आयुष्य घटल्याचं जवळपास दिसतच नाही.

कारण उघड आहे. शिकार बाकीचे करतात, हा मागून येऊन खातो. हद्दीवर दुसऱ्या कळपाशी भांडण झालं तर पुढे बाकीचे असतात. किडा तोच, थंडी तीच, कातडीही तितकीच उघडी. फरक पडतो तो चुलत्या-मावश्यांचा. मात्र एकत्र झोपण्यातून, एकाच गुहेतून, अंगाला अंग घासण्यातून ही लूत पसरतेही त्याच कळपात. अर्धा कळप एकदम पडला तर मात्र सांभाळणारं कुणी उरत नाही.

‘परजीवीमुळे लांडगा धाडसी होतो’ हे खरं आहे का?

टोक्सोप्लाझ्मा गोंडाय या एकपेशीय जीवाबद्दलची ही चर्चा आहे. मांजरवर्गीय प्राण्यांच्या आतड्यातच त्याचं लैंगिक प्रजनन होतं. बाकी सगळे, उंदीर, माणूस, लांडगा, हे त्याचे अधलेमधले मुक्काम. लागण झालेल्या उंदराला मांजराच्या वासाची भीती कमी वाटते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

२०२२ मध्ये यलोस्टोनच्या संशोधकांनी २६ वर्षांत जमवलेले रक्ताचे नमुने आणि २२९ लांडग्यांच्या वागण्याच्या नोंदी एकत्र मांडल्या. लागण झालेला लांडगा कळप सोडून स्वतःच्या वाटेने निघण्याची शक्यता ११ पट आणि कळपाचा पुढारी होण्याची शक्यता ४६ पट निघाली. जिथे प्युमांची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजरांची, वस्ती दाट, तिथल्या लांडग्यांत लागण जास्त होती. प्युमाच्या विष्ठेशी किंवा त्याच्या शिकारीशी संबंध आल्यावर लागण होत असणार.

४६ पट हा आकडा मथळ्यात छान दिसतो, पण तो वाचताना जरा सबुरीने घ्यावं. संबंध दिसला याचा अर्थ परजीवीनेच पुढारी घडवला असा होत नाही. मुळातच धीट असलेला लांडगा प्युमाच्या मुलखात जास्त शिरत असेल आणि तिथे त्याला लागण होत असेल, हेही शक्य आहे. संशोधकांनी पुढे मांडलेला विचार मात्र मोठा रंजक आहे: धीट पुढारी सगळ्या कळपाला प्युमाच्या वाटेवर नेत असेल, तर एकाची लागण सगळ्यांची होते. आपल्या राजकारणाशी याची तुलना करण्याचा मोह आवरतो.

पार्व्हो आणि डिस्टेंपर हे परजीवींतच मोडतात का?

रूढ अर्थाने नाही, ते विषाणू. पण फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आयल रोयालवर कुत्र्यांचा पार्व्होविषाणू पोचला तेव्हा १९८० ते १९८२ या दोन वर्षांत लांडगे ५० वरून १४ वर आले. जंतांनी अशी पडझड सहसा होत नाही. जंत हप्त्याहप्त्याने वसुली करतो, विषाणू घरावर दरोडा घालतो.

लांडग्याच्या विष्ठेतून माणसाला आजार होतो का?

होऊ शकतो, पण रानात गेल्यावर घाबरून जावं इतका नाही. वर सांगितलेल्या एकायनोकॉकसची अंडी माणसाच्या तोंडात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात गाठ वाढते. तिला हायडॅटिड गाठ म्हणतात. ती वर्षानुवर्षं मुकाट वाढते आणि पुष्कळदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या सोनोग्राफीत सापडते. उत्तर अमेरिकेत मूस, एल्क आणि लांडगे यांच्यात फिरणारा प्रकार माणसाच्या बाबतीत तुलनेने सौम्य समजला जातो. मेंढी आणि कुत्रा यांच्यात फिरणारा प्रकार जास्त त्रासदायक, आणि भारतात मुख्यतः तोच आढळतो.

सावधगिरी साधी आहे. विष्ठा उघड्या हाताने उचलू नये, वाळलेली काडीने फोडू नये. रानातून आल्यावर हात धुवावेत. शाळेच्या सहलीतली मुलं नेमकं हेच करत नाहीत.

मग लांडगे नसले तर हा रोग जाईल?

आइसलँडकडे बघा. त्या बेटावर लांडगा कधीच नव्हता. तरी एकोणिसाव्या शतकात हायडॅटिड गाठींनी तिथे इतकी माणसं आजारी होती की डेन्मार्कहून हाराल्ड क्राबे नावाच्या अभ्यासकाला पाठवलं गेलं. १८६० च्या दशकातली ही गोष्ट. त्याने तिथली कुत्री तपासली, गाठी कुठून येतात ते ओळखलं, आणि लोकांसाठी साध्या भाषेत पुस्तिका लिहिली: मेंढीची गाठ असलेली आतडी-फुप्फुसं कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा. ती घरोघर वाचली गेली. लांब हिवाळा, वाचायला पुस्तकं मोजकी, त्यामुळे ती खरोखर वाचली गेली असणार! पुढे कुत्र्यांवर निर्बंध आले आणि आइसलँडमधून रोग हद्दपार झाला. लांडग्यांच्या पोटात सापडणाऱ्या एका पट्टकृमीला आज टीनिया क्राबेई म्हणतात, तो याच गृहस्थाच्या नावावरून.

लांडगा स्वतःचा काही इलाज करतो का?

लांडग्याच्या विष्ठेत पुष्कळदा न पचलेलं गवत सापडतं, आणि कधी कधी त्या गवतात गुंतलेले जंतही. गवत खाऊन आतडी झाडून काढण्याची ही रीत असावी असं काहींना वाटतं. घरातलं कुत्रं बागेतलं गवत खातं तेव्हा आपणही ‘पोट बिघडलंय त्याचं’ म्हणतो, पण तितकाच याला आधार आहे. पक्कं सिद्ध झालेलं नाही.

सामनची गोष्ट याहून मजेदार. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे लांडगे शरद ऋतूत नदीत शिरून सामन मासे पकडतात, डोकं खातात आणि बाकीचा मासा काठावर टाकून देतात. सामनमध्ये एक चपटा कृमी असतो आणि त्या कृमीत कुत्र्यांना जिवावर बेतणारा एक जिवाणू असू शकतो. धडातलं मांस टाळण्यामागे हे कारण असेल, असा एक तर्क आहे. डोक्यात चरबी आणि पोषण जास्त असतं, हा दुसरा. कोकणात मासळीच्या डोक्यावरून घरात जी भांडणं होतात ती पाहता दुसरा तर्कही उगाच नाही.

जंगलातल्या लांडग्यांना औषध का देत नाहीत?

एकेका लांडग्याला बरं करता येतं, जंगल बरं करता येत नाही. आज औषध दिलं, उद्या त्याच गुहेत झोपला किंवा तीच फुप्फुसं खाल्ली, की पुन्हा तेच. पकडण्याची धास्ती आणि बेशुद्धीचा धोका वेगळाच. अलास्काच्या केनाई द्वीपकल्पात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लांडग्यांत कुत्र्यांच्या उवा आढळल्या. त्या पाळीव कुत्र्यांकडून आल्या असं मानलं जातं. औषध घातलेलं आमिष टाकून पाहिलं, तरी उवा गेल्या नाहीत. यलोस्टोनमध्ये लुतीवर उपचार न करता ती आपल्या गतीने चालू देण्याचंच धोरण राहिलं आहे. लांडगे एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात हलवायचे असतील तेव्हा मात्र औषध द्यावंच लागतं, नाहीतर त्यांच्याबरोबर नको ते सामानही प्रवास करतं.

कुठल्या लांडग्यात काय आहे हे कळतं कसं?

बहुतेक वेळा विष्ठेवरून. ती मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात कालवली की हलकी अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. अडचण एवढीच की एकायनोकॉकस आणि टीनिया यांची अंडी हुबेहूब सारखी दिसतात, त्यामुळे जात ठरवायला डीएनए तपासावा लागतो. मेलेला लांडगा मिळाला तर आतडी उघडून पाहणं सगळ्यात खात्रीचं. पण आधी ती उणे ८० अंशांवर काही दिवस गोठवतात. घरच्या फ्रीजरच्या थंडीत ही अंडी मरत नाहीत आणि उघडणाऱ्याच्याच पोटात जाण्याची भीती असते.

आपल्या महाराष्ट्रातल्या लांडग्यांचं काय?

आपला लांडगा म्हणजे भारतीय लांडगा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशभरात तो सुमारे ३१०० आहे, म्हणजे वाघांइतकाच किंवा त्याहूनही कमी. सोलापूरजवळच्या नान्नजपासून पुणे जिल्ह्यातल्या सासवड-बारामतीकडच्या माळापर्यंत तो बहुतांशी अभयारण्याच्या बाहेर, माणसांच्या मधोमध राहतो. यलोस्टोनच्या लांडग्याचा शेजारी एल्क, आपल्याचा शेजारी धनगराचा वाडा आणि गावाबाहेरचा कचरा.

म्हणून इथे चक्र वेगळ्या वाटेने फिरतं. बकरं कापताना पोटाच्या पडद्याला लोंबणारी पाण्याची पिशवी खाटकांना चांगली माहीत असते. ती टीनिया हायडॅटिजेनाची अळी. ती पिशवी आणि गाठ असलेलं यकृत फेकलं जातं, कुत्री ते खातात. मेंढी एकाच जागी गोल गोल फिरू लागली, मान वाकडी करू लागली की जाणता धनगर ओळखतो की ती आता राहत नाही. तिच्या मेंदूत टीनिया मल्टिसेप्सची गाठ असते. त्या मेंढीचं डोकं कुत्र्याने खाल्लं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लांडगा या चक्रात असतोच, पण संख्येने मूठभर. प्रत्येक गावात कुत्री किती आणि लांडगे किती, एवढं मोजलं तरी दोष कुणाकडे जास्त जातो ते दिसेल. आपल्या माळावर मला कुत्र्यापासून लांडग्याला असलेल्या धोक्याची काळजी जास्त वाटते: लूत, डिस्टेंपर, रेबीज, आणि पुण्याजवळ डीएनए तपासणीतून दिसलेला लांडगा-कुत्रा संकर.

मेंढपाळांनी आणि गावकऱ्यांनी काय करावं?

मेलेल्या मेंढीची आतडी, यकृत, फुप्फुस, डोकं उघड्यावर टाकू नये, खोल पुरावं. वाड्यावरच्या कुत्र्यांना पट्टकृमीवरचं औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावं. हायडॅटिड जिथे फार आहे तिथल्या मोहिमांत ते दर सहा आठवड्यांनी देतात, कारण पोटात गेलेला जंत अंडी घालू लागायला साधारण तेवढे दिवस लागतात. वर्षातून एकदा, जत्रेच्या वेळी दिलेली गोळी बाकी वर्षभर काही करत नाही. रेबीज आणि डिस्टेंपरची लस त्याच फेरीत उरकता येते.

केस झडलेला, मरगळलेला लांडगा दिसला तर?

जवळ जाऊ नका, खायला टाकू नका, दगड मारू नका. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पकडणंही गुन्हा. लांबून फोटो काढा, जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्र वनविभागाच्या मदतवाहिनीचा क्रमांक १९२६ आहे. यलोस्टोनचे शेवटचे लांडगे ज्या सुमारास मारले गेले तो आकडाही हाच, त्यामुळे निदान मला तरी तो कधी विसरायला होत नाही. फोनवर सांगताना लांडगा एकटा होता की सोबत आणखी होते, हेही आवर्जून सांगा.